गेटच्या आतले नियम बदला: ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे शहरातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व कमिटी सदस्य यांस,

स. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लावायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. नोटिशीवर काय असतं तेही ठरलेलं आहे: मागच्या सभेचं इतिवृत्त, ताळेबंद, ऑडिटरची नेमणूक, थकबाकीदार, पार्किंग, गळती आणि सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. तिथपर्यंत येता येता निम्मे सभासद घरी गेलेले असतात. कचरा, पाणी, झाडं आणि वीज यांची पाळी आली तर तेव्हा येते. यंदा हे विषय नोटिशीतच छापून यावेत आणि पार्किंगच्या आधी यावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

मी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची साधी सभासद आहे. कमिटीवर नाही. आमच्या आवारातली कंपोस्टची पिंपं सांभाळणाऱ्या चार-सहा जणांपैकी एक. या कामामुळे वसंत विहार, कोलशेत, नौपाडा, कळवा अशा बऱ्याच ठिकाणच्या सोसायट्यांत जाणं-येणं झालं. सगळीकडे एक गोष्ट दिसली. निसर्गाला जपून राहायची इच्छा असलेली माणसं प्रत्येक मजल्यावर आहेत. घरातून कापडी पिशवी घेऊन निघणारी, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी, तांदळाचं धुवण कुंडीत ओतणारी. पण त्यांनी घरात जे केलं ते जिन्याखाली किंवा गेटपाशी येऊन वाया जातं. गेटमधून कोणी आत यायचं, आवारात काय चालेल आणि काय नाही, कंत्राटदाराने काय करायचं, हे घरात ठरत नाही. ते तुम्ही ठरवता.

कमिटीवर काम करणं म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, हे मी जवळून पाहिलं आहे. पगार नाही, कौतुक नाही, पाणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी फोन. म्हणून तुमच्यावर आणखी ओझं टाकायला हे लिहीत नाहीये. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवी मेहनत लागत नाही. चालत आलेला एखादा नियम बदलावा लागतो, किंवा कंत्राटात एक ओळ घालावी लागते.

आधी कचरा, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारा चांगुलपणा तिथे आहे.

तुमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला सकाळी सातच्या सुमारास एकदा जाऊन उभे राहा. हाउसकीपिंगचा मुलगा मजल्यामजल्यावरून गोळा केलेले डबे आणतो आणि एकाच मोठ्या पिंपात रिकामे करतो. ओलाही त्यात, सुकाही त्यात. मग तेच पिंप फरशीवर आडवं करून, खाली बसून, उघड्या हातांनी पिशव्या फाडायला लागतो. बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या बाजूला काढतो, कारण त्याचे दोन पैसे सुटतात. त्या हाताला आमटी लागते, शिळा भात लागतो, डायपर लागतो, कधी दाढीचं पातं लागतं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी रात्री ओटा आवरताना जे नीट वेगळं ठेवलं होतं, ते इथे एक झालेलं असतं.

त्या मुलावर रागावण्यात अर्थ नाही. त्याला एकच ट्रॉली दिली आहे आणि दोन विंग संपवायला तास-दीड तास. एजन्सीच्या कंत्राटात ‘कचरा उचलणे’ एवढंच लिहिलेलं आहे. वेगळा ठेवलेला कचरा वेगळाच खाली आणायचा, ही ओळ त्यात कुणी घातलेली नाही. ती तुम्ही घाला. दोन ट्रॉल्या द्या, थोडा वेळ वाढवून द्या, वर्षाला चार जोड्या चांगले हातमोजे द्या आणि एजन्सीचं बिल पास करताना याची खातरजमा करा. सुका कचरा रोज उचलायची गरजच नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. त्यातून वाचलेला वेळ ओल्या कचऱ्याला मिळतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल शाईचा ठळक टिंब काढायचा, असं सगळ्यांना सांगा. उघडून बघायची वेळ कुणावर येऊ नये. सभेत हे बोलायला लोक संकोचतात. तो संकोच बाजूला ठेवून कुणीतरी बोलायला हवं, आणि चेअरमननेच बोललं तर बाकीच्यांना बळ येतं.

हे सगळं कायद्यातही आहेच. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत वेगळा करायला सांगितला. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावावी, असंही त्यात म्हटलं. घोडबंदर रोडवरची बहुतेक संकुलं या मापात बसतात. महापालिकेची नोटीस आल्यावर धावाधाव करणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा घाईत जे घेतलं जातं ते बहुधा फसतं.

पण नोटीस बाजूला ठेवा आणि आपला कचरा जातो कुठे, एवढाच विचार करा. वर्षानुवर्षं तो दिवा गावाजवळच्या डम्पिंगवर पडला. दिव्यातल्या माणसांनी धूर सोसला, वास सोसला, उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी सोसल्या. नंतर भांडार्ली झालं, डायघर झालं, आणि तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांचं काय चुकलं? आपल्या ताटातलं उरलेलं त्यांच्या उशाशी का न्यायचं? ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ढिगाखाली दाबला की त्याला हवा मिळत नाही आणि तो मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो. आगी लागायलाही तोच कारण ठरतो. तोच कचरा आवारात हवेशीर कुजवला तर खत होतं.

कंपोस्टबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सभेत सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात.

आमच्याकडे बाजूला भोकं पाडलेली पिंपं आहेत. तळाला काटक्या आणि नारळाच्या शेंड्या. त्यावर ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर तेवढाच किंवा जरा जास्त सुका पाला, वर विरजण म्हणून जुनं खत. पुन्हा थर, पुन्हा पाला. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असतं, पाल्यात कर्ब. जिवाणूंना एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब लागतो, आणि तो पाल्यातून मिळतो. तीन-चार दिवसांनी मध्ये हात घातला तर ढीग गरम लागतो. चांगल्या जमलेल्या मोठ्या ढिगाचं तापमान ५० अंशांच्या वर जातं. सकाळी झाकण उघडलं की वाफ वर येते. दीड-दोन महिन्यांनी तळातून जे निघतं ते काळंभोर, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आमच्याकडे आता लोक कुंड्यांसाठी ते मागून नेतात.

‘वास येईल’ ही पहिली हरकत. घाण वास आला तर समजायचं की आत पाणी जास्त झालंय आणि हवा कमी पडतेय. भरपूर पाला घाला, खालीवर करा, दोन दिवसांत वास जातो. दुसरी हरकत अळ्यांची. जाड, पांढुरक्या अळ्या दिसल्या की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतो आणि पिंपं हटवा म्हणून मागणी येते. त्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या असतात. ही माशी घरात येऊन जेवणावर बसणारी नाही, चावतही नाही. तिच्या अळ्या मात्र कचरा झपाट्याने फस्त करतात. हे समजावून सांगणारं एक माणूस सभेत असलं की निम्मा विरोध मावळतो, हा माझा अनुभव आहे.

यंत्राबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. ‘२४ तासांत खत’ असं सांगून लाखोंची यंत्रं विकली जातात. कुजण्याच्या क्रियेला आठवडे लागतात, ती एका दिवसात होत नाही. अशा यंत्रातून एका दिवसात बाहेर पडतो तो तापवून वाळवलेला आणि बारीक केलेला कचरा. कुंडीत घालून पाणी दिलं की तो पुन्हा कुजायला लागतो, बुरशी येते, झाड करपतं. वर विजेचं बिल आणि देखभालीचा करार वेगळा. एका सोसायटीत असं यंत्र बेसमेंटमध्ये ताडपत्रीखाली बंद पडलेलं पाहिलं. खजिनदारांनी पैसे देण्याआधी एकच करावं: दोन-तीन वर्षं तेच यंत्र चालवणाऱ्या दुसऱ्या सोसायटीत जाऊन, तिथल्या माळ्याला विचारावं. सेल्समनला विचारून उपयोग नाही. जागा अगदीच नसेल, रोजचा कचरा खूप असेल, तर यंत्र लागेलही. तरी त्यातून निघालेला माल पुढे काही आठवडे मुरवायची व्यवस्था आधी करा.

आणि पाला! ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांत डिसेंबरपासून मार्चपर्यंत पाल्याचे ढीग पडतात. पहाटे झाडलोट करणारा माणूस कोपऱ्यात तो पेटवतो, थोडी ऊबही घेतो. धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून आत जातो, दम्याच्या माणसांना त्याचा त्रास होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला आहे. आणि कंपोस्टला नेमका हाच पाला हवा असतो. एका हाताने पाला जाळायचा आणि दुसऱ्या हाताने कोकोपीटची गोणी विकत आणायची, हे यंदापासून बंद करा. चार बांबू रोवून भोवती जाळी बांधली की पाल्याचा पिंजरा तयार होतो. त्यात वर्षभराचा पाला साठतो. पावसाळ्यात ओला कचरा जास्त पाणी सोडतो, तेव्हा हाच कोरडा पाला कामाला येतो. म्हणून पिंजऱ्यावर पत्रा हवा.

आता गेटविषयी.

आपल्या गेटवर ‘फेरीवाले, भंगारवाले, सेल्समन यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. सुरक्षेसाठी लावली, ठीक. पण त्या पाटीने कोण बाहेर राहिलं, हे मोजून बघा. रद्दीवाला बाहेर राहिला. महापालिकेने सुक्या कचऱ्यासाठी काहीही सुरू करायच्या कितीतरी आधीपासून कागद, पत्रा, काच, प्लास्टिक वजनावर घेऊन जाणारा आणि थेट पुनर्वापराला पोचवणारा हाच माणूस होता. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण बाहेर राहिली. छत्री शिवणारा, चपलेला टाका घालणारा, सुऱ्यांना धार लावणारा, मिक्सरचं भांडं दुरुस्त करणारा, गादी पिंजून देणारा बाहेर राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर येऊरच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायका बाहेर राहिल्या. त्या शेवळं आणतात, त्यासोबत खाज मारायला लागणारी काकडं आणतात, पुढे टाकळा, कुर्डू, फोडशी आणतात. ना खत घातलेली, ना फवारलेली भाजी, पानात बांधलेली, काही किलोमीटरवरून डोक्यावरून आलेली.

त्याच गेटमधून दिवसभर डिलिव्हरीच्या दुचाकी आत येतात. एक शाम्पूची बाटली, तिला फुग्याचं प्लास्टिक, वर खोका, वर टेप. एक जुडी कोथिंबीर, तिला वेगळी पिशवी. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांविषयी माझी तक्रार नाही, त्यांचंही पोट आहे. पण वस्तू दुरुस्त करणाऱ्याला आपण बाहेर ठेवलं आणि नवी वस्तू दहा मिनिटांत दारात येऊ दिली, तर घराघरांतून टाकून देण्याचं प्रमाण वाढणारच. चेन बिघडली म्हणून चांगली बॅग कचऱ्यात जाते. ती टाकणाऱ्या माणसाची वृत्ती वाईट असते असं नाही, त्याला चेन बसवून देणारा दिसतच नाही.

उपाय अवघड नाही. कारागिरांची आणि रद्दीवाल्याची नावं, फोटो, फोन नंबर वॉचमनच्या वहीत नोंदवा, सोसायटीचं ओळखपत्र द्या आणि त्यांना वार ठरवून द्या. रविवारी सकाळी पार्किंगमधली दोन-तीन जागा रिकामी ठेवा. चांभार, छत्रीवाला, धारवाला, शिलाईवाली तिथे बसतील. येऊरच्या बायकांसाठी पावसाळ्यातल्या दोन महिन्यांत गेटच्या आत, सावलीत, पाणी प्यायची सोय असलेली जागा ठेवा. सुरक्षेची काळजी ओळखपत्राने मिटते.

असाच दुसरा नियम दोरीचा. बऱ्याच नव्या संकुलांत बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे, इमारतीची शोभा जाते म्हणून. मग माणसं ड्रायर घेतात. ड्रायरचं एक चक्र दोन-तीन युनिट वीज सहज खातं. ठाण्यात वर्षाचे आठ महिने कडक ऊन असतं आणि कपडे तासा-दोन तासांत वाळतात. वाळत घातलेल्या परकराने कुणाच्या फ्लॅटची किंमत उतरली, असं मला तरी दिसलेलं नाही. कठड्याच्या उंचीखाली दोरी लावा असं सांगा, गच्चीचा एक भाग वाळवणासाठी मोकळा करा. त्याच गच्चीवर एप्रिल-मे मध्ये पापड, कुरडया, सांडगे वाळतील. तो नियम मात्र काढून टाका.

पाण्याबद्दल. ठाण्याला पाणी येतं ते मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांचं. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे लागतात. आपल्याकडे गाडी धुणारा माणूस नळाचा पाइप चालू ठेवून फोनवर बोलत असतो, तेव्हा मला ते हंडे डोळ्यांपुढे येतात. गाड्या बादलीनेच धुवायच्या, असा नियम करा आणि पार्किंगमधल्या नळांना पाइप लावता येणार नाही अशी तोटी बसवा. वरची टाकी भरून वाहत असेल तर तिला स्वयंचलित बंद होणारी यंत्रणा लावा. खर्च काही हजारांचा आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला १५-२० लिटर पाणी घालवतो. म्हणून प्लंबरला महिन्यातून एकदा सगळ्या घरांत फिरवा आणि त्याचे पैसे सोसायटीने द्या. एकट्या भाडेकरूला किंवा वयस्कर माणसांना वॉशरसाठी प्लंबर बोलावणं जड जातं, ते गळतं तसंच राहतं.

आरओचं तर आवर्जून सांगते. आरओ एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. तो लागतो खाऱ्या, जड पाण्याला. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ वापरू नये, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये घेतली. महापालिकेच्या नळाला येणारं धरणाचं पाणी या मर्यादेच्या खूप खाली असतं. जंतूंची भीती असेल तर यूव्ही किंवा उकळणं पुरतं. क्षार मोजायचं मीटर काही शे रुपयांत मिळतं. सोसायटीने एक घ्यावं, दर महिन्याला टाकीचं पाणी मोजावं आणि आकडा नोटीस बोर्डावर लिहावा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर आकडा वेगळा येईल, तेही लोकांना कळायला हवं. पुढचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. ज्यांना आरओ ठेवायचाच आहे त्यांनी सोडलेलं पाणी बादलीत धरावं, फरशी पुसायला चालतं.

पावसाच्या पाण्याचा हिशेब तर तोंडावर करता येतो. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. ५०० चौरस मीटर गच्ची असेल आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी १० लाख लिटर झाले. १०,००० लिटरचे १०० टँकर. सगळं साठवायला टाकी कुणाकडेच नसते, हे खरं. पण गाळून बोअरमध्ये सोडलेलं पाणी उन्हाळ्यात बोअर जगवतं, आणि पावसाळ्याचे चार महिने फ्लशला व बागेला गच्चीचं पाणी वापरता येतं. तुमच्या सोसायटीत पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा आधीच असण्याची शक्यता मोठी आहे. बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डरने केलेला, पुढे गाळाने भरलेला, वर कुणाची तरी गाडी उभी असलेला. नकाशा काढा, तो शोधा, मे महिन्यात साफ करून घ्या.

सौर ऊर्जेबद्दल थोडक्यात, कारण ती बहुतेकांना पटलेली आहे, अडतं ते गच्चीच्या भांडणावर. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. २० किलोवॅटला २,००० चौरस फूट, महिन्याला सुमारे २,४०० युनिट. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलात हे ठळक दिसतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. गच्चीवर मुलं खेळतात, वाळवणं पडतात, कोजागरी होते. म्हणून पॅनेल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर घ्या, खाली जागा तशीच राहते आणि सावलीही मिळते. पाइप-पत्र्याचा खर्च वाढतो, पण भांडण मिटतं. शेवटच्या मजल्यावरच्यांची घरं थोडी थंड होतात. त्यांची मतं तुम्हाला मिळतीलच.

झाडांबाबत दोन विनंत्या. पावसाळ्याआधीच्या छाटणीत माळी फांद्यांबरोबर शेंडाच उडवतात, त्याच काळात झाडांवर बुलबुलाची, शिंजिराची घरटी असतात. शहरातल्या झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. छाटणीलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती घ्या आणि छाटताना सोबत कुणीतरी जाणकार उभा ठेवा. दुसरं, बुंध्यापर्यंत बसवलेले पेव्हर ब्लॉक निदान एक मीटरभर काढून टाका. मुळांना पाणी आणि हवा नाही मिळाली की झाड आतून मरत जातं आणि जुलैच्या वाऱ्यात गाडीवर पडतं. नवीन लावायचं असेल तर ताम्हण लावा, करंज लावा, बहावा लावा. रांगेने उभे केलेले रॉयल पाम ना सावली देतात ना पाखराला आसरा.

सभा आणि गणपती बहुतेक एकाच सुमारास येतात. सोसायटीचा गणपती शाडूचा, लहान आणि आवारातल्याच टाकीत विसर्जन होणारा असावा. विरघळलेली शाडू माती सुकवून पुढच्या वर्षी पुन्हा मूर्तीला वापरता येते. निर्माल्यातला दोरा, जरी, प्लास्टिक काढून फुलं कंपोस्टला घाला. तलावांसाठी ओळखलं जाणारं हे शहर आहे. मासुंदा, उपवन, कचराळी ही आपलीच आहेत, आणि नाल्यांतून पुढे जाणारं सगळं ठाणे खाडीला मिळतं. ती खाडी २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिथे दर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. प्लास्टिकच्या ताटल्यांऐवजी क्लब हाउसमध्ये स्टीलच्या १०० ताट-वाट्या-पेल्यांचा संच घेऊन ठेवा. वाढदिवस, डोहाळजेवण, सत्यनारायण कशालाही नाममात्र भाड्याने द्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण ठरवणाऱ्या महिला मंडळांनाही सांगणं आहे, प्लास्टिकचे डबे आता कुणाच्या घरात मावत नाहीत. गूळ द्या, तीळ द्या, कंपोस्टची पुडी आणि मेथीचं बी द्या.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. ज्यांना एकच करायचं आहे त्यांनी ओला कचरा आणि पाला घ्यावा, तिथे खर्च सगळ्यात कमी आणि बदल सगळ्यात लवकर दिसतो. ठरावाचा मसुदा खाली देते. तुमच्या सोयीने फिरवा, पण नोटिशीत छापा.

‘संस्थेच्या आवारात निर्माण होणाऱ्या ओल्या कचऱ्यावर १ जानेवारीपासून आवारातच प्रक्रिया करण्यात यावी, आवारात पालापाचोळा जाळण्यात येऊ नये व त्यासाठी स्वतंत्र जागा राखून ठेवावी, सफाईच्या कंत्राटात ओला, सुका व घातक कचरा वेगवेगळा उचलण्याची अट समाविष्ट करावी आणि कामगारांना हातमोजे व साधने संस्थेने पुरवावीत, नोंदणी केलेल्या रद्दीवाल्यास व कारागिरांस ठरवून दिलेल्या वारी प्रवेश द्यावा, कपडे वाळत घालण्यावरील बंदी रद्द करावी, आणि या कामासाठी तीन सभासदांची उपसमिती नेमावी, जिच्यात किमान एक सदस्य कमिटीबाहेरील असावा.’

सूचक आणि अनुमोदक तुमच्याच सोसायटीत सापडतील. चौथ्या मजल्यावरच्या त्या आजींना आधी विचारा.

आपली,
एक सभासद
घोडबंदर रोड, ठाणे